गुरुप्रसादच्या खळ्यातला नंबर

प्रिय नमू,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. फोन केला असता, पण त्यासाठी गुरुप्रसादच्या खळ्यात जाऊन त्याच्याच फोनवर बोलायला लागतं, रेंज तिथेच. आणि तिथे आपण एक वाक्य बोललो की चार माणसं पुढचं सुचवतात. म्हणून लिहिते. अक्षर चौथीपर्यंतचं आहे, लावून घे.

परवा ट्रस्टच्या दवाखान्यात गेले होते. कशाला ते शेवटी सांगते, आधी उडी मारून वाचू नकोस. खिडकीवरच्या पोरीने नंबर विचारला, मी गुरुप्रसादचा सांगितला. अख्खी वाडी तोच सांगते, आणि रिपोर्ट आला की तो खळ्यातून ओरडतो. हौसाकाकीची साखर तिच्याआधी वाडीला कळते, आता कुणाकडे गेली की न विचारता बिनसाखरेचा चहा पुढे येतो. आपल्याला यात कधी काही वाटलं नाही. पूर्वी पोस्टमन कार्ड वाचून दाखवायचा, तसंच ते.

तर त्या पोरीने नंबर घातला आणि वाडीतली सगळी नावं कॉम्प्युटरवर उतरली, एकाच चुलीवर जेवत असल्यासारखी. माझं शोधता शोधता म्हणाली, नम्रता तुमचीच ना, मानसोपचाराची तिची तारीख चुकलीय, गोळ्या मध्येच सोडायच्या नसतात म्हणावं. मागे रांगेत मिरजोळ्याच्या कारखान्यातली दोन माणसं उभी. माझे कान तापले. दिवाळीत दात दुखतो म्हणून तू दवाखान्यात एकटी गेलीस, ते हे होतं तर, आणि नंबर जुन्या केसपेपरावरचाच राहिला. आणि शिमग्याला पालखी दारात आली तरी तू आली नाहीस, तेव्हा मी आपली समजून बसले की पनवेलला कुणीतरी पोरगा भेटलाय.

पोरीला म्हटलं, बाय माझे, हे तू मला का सांगितलंस. म्हणाली, नंबर एक म्हणजे कुटुंब एक. म्हटलं, माझी मुलगी बावीस वर्षांची आहे, मला सांगायचं असतं तर तिने सांगितलं असतं, तिचं नाव त्या नंबरातून काढ. तसा अधिकार मला नाही म्हणे. मग ज्याला आहे त्याच्या दारात जाऊन बसले. देवदत्त डॉक्टर म्हणून मोठे आहेत तिथे. ते म्हणाले, काकू, लोकांच्या सोयीसाठी केलंय. म्हटलं, तुमच्या बायकोचा रिपोर्ट आमच्या खळ्यात ओरडून सांगितला तर ती सोय होईल का? चांगला माणूस, खोटं कशाला बोलू. स्वतः खिडकीवर आले, पोरीला चार लोकांत काही बोलले नाहीत, आणि वाडीतली सगळी नावं सुटी करायला लावली. तुझ्या नावापुढे आता कुणाचाच नंबर नाही. तो तू स्वतः येऊन द्यायचा.

तरी घोर होताच, की मेसेज आधीच येऊन गेला असला तर? एसटीतून उतरले ती सरळ गुरुप्रसादकडे. मी विचारायच्या आत त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, काकी, माघात आला होता एक. खात्याचं नाव वाचलं आणि पुसून टाकला. साखर असती तर ओरडलो असतो. ज्ञानेश्वरीला, म्हणजे बायकोला, त्याने एका शब्दाने सांगितलेलं नाही, आणि तिच्यापासून त्याला साधी विडी लपवता येत नाही. नावं सुटी झाली म्हटल्यावर मोठा श्वास सोडला त्याने. म्हणाला, बरं झालं, हल्ली फोन वाजला की उचलायला नको वाटतं, कुणाचं काय निघेल. तेव्हा नमू, वाडीत कुणालाही काही माहीत नाही. मी घरी आले, तांब्याभर पाणी प्यायले आणि वाळत घातलेल्या आमसुलांशेजारी तशीच आडवी झाले. एवढं हलकं कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं.

तुला काय होतंय ते विचारणार नाही. विचारायची खोड आहे, तोंड आवरून धरलंय. सांगावंसं वाटलं तर सांग. गोळ्या मात्र घे, पनवेलला घे नाहीतर इथे, ते तू बघ.

आता मी कशाला गेले होते ते. तुझे बाबा गेल्यापासून मला झोप नाही, पाठ टेकली की छाती धडधडते. झोपेची गोळी मागायला गेले होते. देवदत्त डॉक्टर म्हणाले, नुसती गोळी देणार नाही, त्याच खात्यात दाखवा. एरवी उठून आले असते, पण म्हटलं, पोरगी एकटी जाऊन आली, मला काय धाड भरलीय. केसपेपर काढला. खिडकीवरची पोर म्हणाली, नव्या केसपेपराला नंबराशिवाय कॉम्प्युटर पुढे जात नाही. गुरुप्रसादचा द्यायचा नव्हता, माझा स्वतःचा नाही, म्हणून तुझा दिला. तुला न विचारता दिला, नको म्हणालीस तर बदलते. तेव्हा दमयंती, मानसोपचार विभाग, असा जो मेसेज तुला आला असेल तो चुकून आलेला नाही. तो माझा आहे, आणि तू तो वाचावास म्हणूनच तिकडे पाठवलाय. एवढं कळवायला हे पत्र. पुढच्या महिन्यात परत बोलावलंय. त्या आठवड्यात आलीस तर एकाच एसटीने जाऊ. आत मात्र एकेकटीने जायचं.

तुझीच,
तोंडाळ आई