एक मेगचा कंट्रोल

बाबा, गेल्या महिन्यात मी कानाला मशीन बसवलं. कुकरची शिट्टी इतकी टोकदार असते हे मी विसरूनच गेले होते. डॉक्टर म्हणाले, वयानं आधी वरचे सूर जातात आणि आपलं आपल्याला कळत नाही. ते पुढे काय बोलले ते मी ऐकलंच नाही. मी साकोलीच्या आपल्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात जाऊन पोचले होते.

टेबलावर तुमची इलेक्ट्रिक गिटार उघडी पडली आहे. धान कापून झालं की नाटकमंडळीत तुम्ही ती मांडीवर आडवी घेऊन वाजवायचात. तिचा व्हॉल्यूम कंट्रोल खरखर करायला लागला, म्हणून तुम्ही जुन्या रेडिओंतले तीन काढून ठेवले आहेत: अडीचशे किलोओहमचा, पाचशेचा आणि सगळ्यात मोठा एक मेगचा, म्हणजे हजाराचा. आकडा लहान असला की तारेचा वरचा तेज सूर आतच मुरतो, मोठा असला की मोकळा सुटतो, हे तुम्हीच मला शिकवलेलं. माझं लग्न ठरलं होतं, तरी सोल्डरिंगला तुम्हाला माझाच हात लागायचा.

"आकडा नोको वाचू, आयक," तुम्ही म्हणता आणि एकेक जोडून वाजवता. पाचशेच्याला तोंड वाकडं करता. एक मेगचा लागतो तेव्हा मी दचकून मागे सरकते आणि तुमचा चेहरा खुलतो. "हा! आता कशी मोकळी बोलून राहिली!" नाकावर माशी बसू देत नव्हता तुम्ही, तुमच्या कानांबद्दल बोलायची छाती कोणाची होती?

अड्याळच्या तालमीला मी सोबत आले होते. मंडळीच्या मालकानं मला बाजूला घेतलं. "बाई, तुह्या बाबाले सांग न. गिटार कानात सुईवानी घुसून राहिली. असंच रायलं त मले दुसरा माणूस पाहा लागन." दुकानावर आपलं पोट होतं, पण तुमचा जीव त्या मंडळीत होता. सांगितलं असतं तर तुम्ही त्याच पावली गिटार उचलून निघाला असता आणि पुन्हा कुठेच वाजवली नसती. दुसऱ्या दिवशी तुम्ही जेवायला घरी गेलात तेव्हा मी अडीचशेचा बसवला.

पुढच्या तालमीत सगळे म्हणाले, मास्तरांची गिटार गोड झाली. "पाह्यलं? कानानं निवडा लागते," तुम्ही मला ऐकवलंत. मी मनात हसले. फार शहाणी समजत होते स्वतःला.

लग्नानंतर माहेरी आले, तेव्हा तारा पुसता पुसता तुम्ही विचारलंत, "बाई, हे दूर गेल्यावानी काहून वाटते मले? तू काई केलं का?"

"काई नाही बाबा. कानाले दडे बसले असन, तेल टाका."

आणि तुम्ही खरंच तेल टाकायला लागलात. रोज, आईकडून कोमट करून घेऊन.

असे दोन हंगाम वाजवून तुम्ही गेलात. हे कागद कपाटातच राहतील, म्हणून लिहिते. लोकांना तुमची गिटार गोड लागत होती, पण तुम्हाला स्वतःला ती नीट ऐकू येत नव्हती. एक मेगचा परत बसवायला दहा मिनिटं लागली असती. हे मला आता मशीन बसवल्यावर कळलं, असं म्हणायला सोपं आहे. तुम्ही विचारलंत तेव्हाच कळलं होतं, बाबा.