प्लायवूडची टपालपेटी

१९ नोव्हेंबर, सकाळ

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. गुडघे कुरकुरतात, म्हणून तूर्त अंगं सहाच धर. दोन बाकी ठेव.

इकडे सर्व ठीक. तुझी भावजय तुझी आठवण काढते, बहुधा मला टोमणा मारायचा असतो तेव्हा.

बातमी अशी, की मी चित्रपटात गेलो. घाबरू नकोस, पडद्यामागे. गेल्या हिवाळ्यात आमच्या गल्लीत एका चित्रपटाचं चित्रीकरण झालं. काळ दोन महायुद्धांच्या मधला, आणि काळाच्या चुका काढायला मी. संस्कृतच्या मास्तरला जुनं ते सगळं येणारच, अशी दिग्दर्शकाची समजूत. इसवी सनापूर्वीचं आणि एकोणीसशे तिसातलं, त्याच्या लेखी एकाच फडताळात.

या मंडळींच्या मते तेव्हा घरोघरी ग्रामोफोन होता आणि कोणाच्याही कपड्याला सुरकुती नव्हती. मी म्हटलं, "अहो, माणसांना घाम येत असे." तो म्हणाला, "सर, घाम पडद्यावर शोभत नाही." तरी मी नायकाच्या विजारीची चेन पकडली, एका खिडकीतला एसी झाकायला लावला. सगळे मला 'दुरुस्ती सर' म्हणू लागले. तुला नवल वाटायचं कारण नाही.

आता मुद्दा, जो मी इतका वेळ टाळला.

तुझ्या निवृत्तीच्या समारंभात तू सांगत होतीस, बाबांनी तुला सायकल आणली ती गोष्ट. मी भर सभेत उठलो. "दुरुस्ती! सायकल माझ्यासाठी होती. हिनं बळकावली." लोक खो-खो हसले. तू भाषण अर्ध्यात सोडून खाली बसलीस.

पुढे चित्रीकरणाच्या दिवसांत जुने फोटो उपसताना एक सापडला. तू सायकलवर, बाबा मागून सीट धरून, आणि मी आईच्या कडेवर, तोंडात मूठ. सायकल कसली, मला मान धरता येत होती हेच पुष्कळ.

त्याच दुपारी तुला माफीचं पत्र लिहिलं. फोन केला नाही, कारण बोलताना मला दुरुस्त्या सुचतात. कोपऱ्यावरच्या लाल पेटीत पत्र टाकलं. चार दिवसांनी पेटीच गायब! मी टपालखात्याला खरमरीत निषेध धाडला. त्यांचं उत्तर आलं, तिथे पेटी कधी नव्हतीच. म्हटलं, काय हा कारभार!

नऊ महिने तुझ्या उत्तराची वाट पाहिली. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याचं कळलं, तरी आलो नाही. आपण वाकलो, हिनं साधी एक ओळ लिहिली नाही, असं म्हणत फुगून बसलो.

काल त्या चित्रपटाचा कलादिग्दर्शक दारात उभा. "सर, गोदामात आमची टपालपेटी उघडली. तुमच्या गल्लीनं सतरा पत्रं टाकलीत की! हे अक्षर तुमचंच ना?"

"इतकी हुबेहूब कशाला करता हो?" मी ओरडलो.

"तुम्हीच तीनदा परत पाठवलीत, सर. वेळांची पाटीसुद्धा तुम्हीच लावून घेतलीत."

खरं आहे, अक्का. सुताराकडे असेपर्यंत ते प्लायवूड होतं. कोपऱ्यावर उभी राहिली, आणि मला ती जन्मापासून तिथेच असल्यासारखी वाटली.

ते पाकीट न फोडता सोबत ठेवतो आहे. हे मात्र टपाल कचेरीत नेऊन खिडकीवरच्या बाईंच्या हातात देणार.

चित्रपट पुढच्या शुक्रवारी लागतो. नायिका त्याच पेटीत पत्र टाकते आणि पुढच्याच दृश्यात ते पोचतं. मी आक्षेप घेणार होतो; या खेपेस घेतला नाही. तिचा हात आत जातो तेव्हा तळाशी तुझ्या नावाचं पत्र पडलेलं आहे, हे अख्ख्या थिएटरात आपल्या दोघांनाच ठाऊक असेल. चलशील?

त्याआधी रविवारी येतो, राहिलेले दोन गुडघे टेकायला. दार उघडलं नाहीस, तर जिन्यावर बसून राहीन.

सायकल तुझीच होती.

तुझा,
कडेवरचा