रुमाल टाकायला तुम्ही कोण?

अण्णा, तुम्हाला जाऊन तीस वर्षं होऊन गेली, तरी माझं भांडण अजून संपलेलं नाही. आई म्हणायची, गेलेल्या माणसाशी वाद घालू नये, त्याला उत्तर देता येत नाही. पण तुम्ही असताना तरी कुठे उत्तर द्यायचात? "ठीक आहे" म्हणायचात आणि चष्मा पुसत बसायचात. काल टीव्हीवर कबड्डी होती. आता मॅटवर खेळतात, बूट घालून, वर दिवे, मध्ये गाणी. पंचाचा निर्णय पटला नाही तर संघ दाद मागतो, मग आणखी एक पंच तीच पकड टीव्हीत पुन्हा पुन्हा बघतो, मागून, पुढून, वरून. मी एकटीच सोफ्यावर बसून ओरडले, "अरे, नुसतं बघताय काय, ऐका ना जरा!" शेजारीण घाबरून बेल वाजवून विचारून गेली, काकू, बऱ्या आहात ना. बरी आहे म्हटलं. बरी कसली, डोकं फिरलं होतं माझं. तुम्ही आठवलात.

सगळा घोळ त्या अमेरिकन कॅसेटींनी केला. भांडुपच्या आपल्या बिल्डिंगीत समोरच्या काकांचा मुलगा अमेरिकेहून पहिल्यांदा घरी आला तेव्हा एक व्हीसीआर आणि तिकडच्या फुटबॉलच्या तीन कॅसेटी ठेवून गेला. त्या मशीनला चालेल अशी वीज आपल्याकडे नाही, म्हणून काकांनी पाट्याएवढा ट्रान्सफॉर्मर आणून जोडला. तरी चित्र काळं-पांढरं, वरून खाली घरंगळणारं, आणि आवाजाच्या नावाने नुसती खरखर. शेवटी काका आवाजाचं बटण बंदच करून टाकायचे. दर रविवारी जेवणं झाली की तुम्ही, काका आणि मजल्यावरचे चार-पाच पुरुष त्याच तीन मॅच मुक्याने बघायचात. कोण जिंकणार हे पाठ झालेलं, नियम कुणाला ठाऊक नाहीत, तरी भांडणं अशी की खालून लोक विचारायचे, वर काय पाणी आलं का? मागे उभा राहून चेंडू फेकणाऱ्याचं नाव काकांनी 'नवरदेव' ठेवलं होतं. पाच आडदांड मेव्हणे त्याच्याभोवती उभे, आणि समोरचे सगळे त्यालाच आडवा करायला टपलेले. खरं नाव क्वार्टरबॅक, हे पुढे त्या मुलाने पत्रात कळवलं, पण तोवर नवरदेवच पक्का झाला होता.

एका मॅचमध्ये नवरदेवाने चेंडू फेकून दिल्यावर मागून एक धिप्पाड गडी येऊन त्याला लोळवतो. त्या एका धडकेवर तुम्ही दोघं किती रविवार भांडलात! तुम्ही म्हणायचात, "चेंडू हातातून गेला ना? मग त्याला मारायचं कारण काय? हा खेळ नाही, हा राग आहे." आणि काका मांडी थोपटून, "अहो अण्णा, आत्ता मारलं नाही तर पुढच्या वेळी त्याला भीती कशी वाटणार? भीती बसवणं हीच तर खरी पकड!" मी दारात उभी राहून मनातल्या मनात काकांच्या बाजूने असायचे. तुम्हाला मात्र त्या खेळातलं एकच आवडलं होतं. चूक दिसली की पंच शिट्टी फुंकून वाद घालत नाही, खिशातला रुमाल काढून जमिनीवर टाकतो. रुमाल पिवळा असतो हेही पत्रातूनच कळलं. तुम्ही कारखान्यात तपासणी खात्यात. मापात न बसलेला नट बाजूला काढायचा, त्याच्याशी बोलत बसायचं नाही, ही तुमची रीत. तुम्हाला तो रुमाल आवडला नसता तरच नवल.

आवडला तर आवडला, घरात ठेवायचा. तुम्ही आईकडून पांढरा रुमाल हळदीच्या पाण्यात बुडवून घेतलात. आई करवादली, "हळद नवऱ्याक लावतत, रुमालाक नाय!" तो लांब जावा म्हणून तुम्ही कोपऱ्यात चिंचोका बांधलात, आणि तो घेऊन माझ्या कबड्डीच्या सामन्यांना यायला लागलात. बरं, पंच होतात का तुम्ही? छे! साधे प्रेक्षक, पहिल्या रांगेतल्या लाकडी खुर्चीवरचे. कुणी केस ओढले, कुणी नख मारलं की तुमचा रुमाल मैदानावर. त्यांचं असो की आमचं. लोकांना फुकटची करमणूक. "काय अण्णा, जागा धरताय का?" असं मागून कुणीतरी ओरडायचं आणि सगळं मैदान हसायचं. पंच रुमाल उचलून परत देताना कपाळाला हात लावायचे. मला मैदानात उभं राहणं नको व्हायचं. एकोणीस वर्षांची होते मी, आमच्या संघाचा उजवा कोपरा सांभाळत होते, माझ्या पकडीला मुली घाबरायच्या, आणि माझी ओळख काय, तर रुमालवाल्यांची मुलगी.

आता कांदिवलीच्या त्या अंतिम सामन्याकडे येते. समोरच्या बाकावर एका बँकेच्या संघासाठी मुली निवडायला आलेल्या बाई बसलेल्या. एक जागा होती. ती नोकरी मला का हवी होती हे तुम्हाला पुरतं माहीत होतं. नाहूरच्या आत्याने स्थळ आणलं होतं, माणसं चांगली, अट एकच, लग्नानंतर कबड्डी बंद. नोकरी लागली असती तर मी खेळासाठीच पगार घेणारी झाले असते, मग कबड्डी बंद कर म्हणायची कुणाची छाती झाली असती? शेवटची चढाई. आम्ही एका गुणाने पुढे. त्यांच्याकडून आली ती बोरीवलीची उंच मुलगी, त्यांचा सगळा संघ तिच्या एकटीच्या जिवावर उभा. तिने आमच्या डाव्या कोपऱ्याला हात लावला आणि वळली, तेवढ्यात मी मागून तिची कंबर धरली. सुटली तर दोन गुण आणि सामना त्यांचा, अडकली तर आमचा. काय ताकद होती तिच्यात! मला फरफटत रेषेकडे नेत होती. आणि माझा हात वर गेला. हो, तिच्या तोंडावर गेला. मी कधी नाकारलंय? 'कबड्डी कबड्डी'चा दम तुटला की चढाई करणारी बाद, आणि तो तुटावा म्हणून तोंड दाबणं फाउल, हे मला जन्माआधीपासून माहीत असल्यासारखं पाठ होतं. पण त्या क्षणी हाताने मला विचारलं नाही. पंच माझ्या पाठीमागे होते, त्यांना दिसलं नाही. शिट्टी वाजली, ती बाद, आम्ही जिंकलो. मुली माझ्या अंगावर पडल्या. आणि त्या ढिगाऱ्यातून मी बघते तर मातीत तुमचा पिवळा रुमाल.

या वेळी कुणी हसलं नाही. पंच तुमच्यापर्यंत चालत आले. "काय बघितलंत?" तुम्ही उभे राहिलात, शाळेत उत्तर द्यायला उभे राहतात तसे. "तोंड दाबलं." "कोणी?" "माझ्या मुलीने." बापच सांगतोय म्हटल्यावर पुढे काय राहिलं? मघापासून गप्प असलेल्या रेषेवरच्या पंचालाही कंठ फुटला, मलाही तसं वाटलं होतं म्हणाला. निर्णय फिरला. दोन गुण त्यांना. बँकेच्या बाई पाकीट काखेत मारून उठल्या आणि जाता जाता आमच्या कोचना सांगून गेल्या की असल्या खेळाच्या मुली आम्हाला नकोत. अण्णा, माझ्या खांद्यावर त्या मुलीच्या नखांचे ओरखडे होते. त्यासाठीही तुम्ही रुमाल टाकला होतात, हे कबूल. पण तो कुणी मानला? माझ्याविरुद्धचाच तेवढा मानला! प्रत्येकीचा बाप आपल्या पोरीच्या चुकीवर पांघरूण घालत होता आणि तुम्ही मापात न बसलेला नट बाजूला काढलात. पंच चुकला असेल तर चुकू दे ना, ते त्याचं काम. तुम्हाला कोणी नेमलं होतं?

घरी आलो तेव्हा आई बोंबील साफ करत होती. तिला खालीच कुणीतरी सांगितलं होतं. तिने मान वरही केली नाही. "तुमका कोणी इचारल्यान होता?" एवढंच म्हणाली, आणि असं म्हणाली की मोरीतलं पाणीसुद्धा थांबलं असतं. तुम्ही पाटावर बसलात. मी बसलेच नाही. अंगावर अजून मैदानाची माती होती. मी म्हणाले, "अण्णा, आजपासून माझ्या सामन्याला यायचं नाही. मैदानात पाऊल ठेवायचं नाही तुम्ही." आईचा हात थांबला. आपल्या घरात बापाशी असं कुणी बोललं नव्हतं. मला वाटलं तुम्ही ओरडाल, हात उगाराल, निदान समजावाल. तुम्ही चष्मा काढलात, सदऱ्याला पुसलात. "ठीक आहे," म्हणालात. दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः जाऊन आत्याला स्थळ नको म्हणून सांगून आलात, हे मला फार उशिरा कळलं. कळल्यावरही मी त्याबद्दल एक शब्द काढला नाही. एका चुकीची भरपाई दुसरीकडे करून भागत नाही, असं मला वाटायचं. अजूनही वाटतं.

पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका ऑफिसच्या संघाने मला घेतलं. तुमच्या रुमालाच्या नाकावर टिच्चून घेतलं! सात वर्षं खेळले. कप आणले, फोटो छापून आले, गुडघा गेला, तरी खेळले. आणि तुम्ही एकदाही आला नाहीत. लोक गोष्टी सांगतात ना, बाप म्हणे झाडामागे उभा राहून बघायचा. आमचे नाही हो तसे! तुम्ही गेल्यावर मी आईला खोदून खोदून विचारलं, एकदा तरी गेले होते का, खोटं नको बोलूस. आई म्हणाली, "नाय गो. तुझी मॅच असली काय खिडकेत बसून वाटाणे सोलत. किलोभर सोलून ठेवायचे, भाजी कित्याची करू ता माका कळायचा नाय." तुमच्या हयातीत आपल्या घरात मटारची एवढी उसळ का व्हायची ते मला त्या दिवशी कळलं.

आता मुख्य मुद्दा, तो मी इतकी वर्षं दाबून ठेवलाय. ऑफिसच्या संघात माझ्या तिसऱ्या वर्षी ती बोरीवलीची मुलगी दाखल झाली. आधी मी तिच्याशी बोलतच नव्हते. मग एका दौऱ्यात एकाच खोलीत पडलो, आणि एका दुपारी पाय शेकत बसलेलो असताना ती हसत हसत म्हणाली, "ए, तुझे बाबा काय झकास माणूस गं! त्यांच्यामुळे आम्ही कप नेला. माझा दम तर आधीच गेला होता यार. तू कंबर धरलीस ना, तेव्हाच. मी नुसते ओठ हलवत होते." अण्णा, ऐकलंत का? ती आधीच बाद होती! पंचांची शिट्टी बरोबर होती, कारण त्यांनी कानाने वाजवली होती. तुम्हाला त्या मुक्या कॅसेटींनी नुसतं बघायची सवय लावली. ओठ हलताना दिसले, हात तोंडावर दिसला, टाकला रुमाल. कबड्डीत आधी ऐकायचं असतं, हे तुम्ही, गिरगावापासून भांडुपपर्यंत सगळी मैदानं पालथी घातलेला माणूस, विसरलात. सामना आमचा होता. नोकरी माझी होती.

त्या दौऱ्याहून मी घरी आले ती हे तुमच्या तोंडावर फेकायचं ठरवूनच. तुम्ही दार उघडलंत. बॅग माझ्या हातातून घेतलीत, जड होती ती, खाली ठेवताना तुम्हाला धाप लागली. "कसा झाला दौरा?" असं विचारलंत, सामना कसा झाला ते विचारलं नाहीत, कारण ते विचारायचीही तुम्ही स्वतःला बंदी केली होतीत. आणि मी म्हणाले, "ठीक." बस्स. पुढची चार वर्षं तुम्ही होतात आणि मी बोलले नाही. तुम्ही विचाराल, का गं? तर ऐका. तोंडावर हात ठेवताना तिचा दम गेलाय हे मला कुठे ठाऊक होतं? मी तो तोडायलाच हात ठेवला होता. सामन्याच्या बाबतीत तुम्ही चुकलात, माझ्या बाबतीत नाही. एवढं देते तुम्हाला, याहून जास्त देणार नाही.

पण खरं कारण तेही नाही. सांगितलं असतं तर तुम्ही तिथल्या तिथे माफी मागितली असतीत, आणि मला माफी नकोच होती. हे पत्र मी कुठे टाकणार नाही, टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहिते. सात वर्षं प्रत्येक सामन्याला मैदानात उतरले की मी आधी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या बघायचे. तुम्ही सगळ्यांचे नियम पाळलेत अण्णा, माझा तेवढा एक मोडायला हवा होतात.