खिडकीवरची मालकांगोणी

प्रिय छोट्या,

ताईचं पत्र म्हणजे दोन ओळी, सगळे बरे, तू कसा, एवढंच तुला ठाऊक. आज जरा दमानं वाच.

बाबांची नजर अधू झालीय, तोंड मात्र शाबूत आहे. सकाळी दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पावलांच्या आवाजावरून कुणाचा गुडघा कामातून गेलाय ते सांगतात. पण अंग चोळून घ्यायला आता कुणी येत नाही. दुकानातलं तेल मी एकदा आणलं होतं. त्यांनी नुसता वास घेतला आणि तुझ्या शिवणयंत्राला घाल म्हणाले.

आपलं तेल आठवतं? मालकांगोणीच्या बियांचं, लालसर, उग्र वासाचं. मजुरांचे गुडघे, बाळंतिणींच्या कंबरा, सगळ्यांना तेच. परीक्षेआधी दुधात एक थेंब, बुद्धी तल्लख व्हावी म्हणून. तू ते दूध मांजराला पाजायचास. मांजराचं काय झालं माहीत नाही, तू मात्र गणितात आपटलास. मी निमूटपणे प्यायचे. त्याचाच गुण असेल, मला काहीच विसरता आलेलं नाही.

घरामागच्या उतारावर मोठ्या झाडावर चढलेली ती वेल बाबांचा जीव की प्राण. नियम एकच, वरच्या फांद्यांचे घोस पाखरांचे, कारण बिया रानभर नेतात तीच. त्या वर्षी तू पार शेंड्यापर्यंत चढलास आणि झाडून सगळे घोस उतरवलेस. दोन टोपल्या भरून आणल्यास, केवढा खुशीत होतास. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या वर्षी वेल फुलली, पण फळ धरेना. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. तेव्हा बाबा गिऱ्हाइकांदेखत तुला म्हणाले, "तुझ्या हावेनं वेल आटली. माझा हात तोडलास तू." तू पिशवी भरलीस. मी एका बाहीला इस्त्री करत होते, करतच राहिले. नऊ वर्षं झाली.

आता माझ्या खिडकीवर चढलेली दुसरी मालकांगोणी आठव. दरवर्षी फुलायची, पण दाणा म्हणून धरायची नाही. बाबा तिला ऐदी म्हणायचे. तिच्यामुळे यंत्रावर उजेड येईना. तू घोस उतरवलेस त्याच हिवाळ्यात मी तिला कोयत्यानं बुडापासून तोडली, मूळही उकरून टाकलं. ऐदी वेलीचं कोण विचारतं?

चार वर्षांपूर्वी रोपवाटिकेतल्या बाई पिशव्या शिवून घ्यायला आल्या होत्या. वेल फळत नाही म्हणून मी सहज विचारलं. त्या म्हणाल्या, मालकांगोणीत नर वेल वेगळी, मादी वेल वेगळी. नर नुसती फुलते, पण ती जवळपास नसेल तर दुसरीला फळ धरत नाही. माझा पाय यंत्राच्या पायडलवरच थांबला. नर वेलीचं रोप देते म्हणाल्या. मी नको म्हटलं. वेल पुन्हा फळली असती, तर बाबांनी कारण विचारलं असतं.

छोट्या, त्याआधीची पाच वर्षं मला ठाऊक नव्हतं. पुढची चार मी जाणूनबुजून गप्प बसले. मला लाज वाटते.

परवा बाबांनी मला कागद-पेन घेऊन बसवलं. बराच वेळ जुळवाजुळव करून म्हणाले, "लिही त्याला, मी माफ केलं. आता ये म्हणावं." मी 'माफ' एवढं लिहिलं आणि पेन पुढे सरकेना. तुला माफ करण्यासारखं होतंच काय? पाखरांचे घोस तोडलेस, त्याला एक धपाटा पुरे होता. म्हणून तो कागद फाडून हा घेतला. हे पत्र आधी बाबांना वाचून दाखवणार आहे, एकही ओळ न गाळता, आणि मगच पेटीत टाकणार. ते तुझ्या हातात पडलं, म्हणजे बाबांना सगळं कळलंय असं समज. त्यांच्यासाठी ये. माझ्याशी बोलायचं की नाही, ते तू ठरव.

तरीही तुझीच,
ताई