नऊ नंबरचं पिंप

मंगळवार, १२ तारीख
दुपार

प्रिय धाकटे,

तू बरी असशील अशी आशा. इथे सगळं ठीक. तुझ्या दादाची पाठ पुन्हा धरली आहे, पण ट्रॅक्टर काही सोडत नाही. तुझ्या खोलीत सध्या रिकाम्या बाटल्यांचे खोके ठेवलेत, रागावू नकोस.

तोडणी संपली. तीनदा लिहायला बसले आणि तीनदा उठून वाइनच्या टाक्या बघून आले. हात अजून रसाने चिकट आहेत, कागदाला डाग पडलाच.

गेल्या बुधवारी बाबा म्हणाले, "अजून आठ दिवस थांबायचं." मी उतारावरच्या ओळींतून फिरून आले होते. बिया तपकिरी, साली मऊ, दोन-चार घडांना बुरशीही लागलेली. आठ दिवसांत बाग हातची गेली असती. तुझा दादा म्हणाला, "बाबांपुढे कोण बोलणार?" गुरुवारी सकाळी बाबा दातांच्या डॉक्टरकडे गेले आणि मी तोडणीवाल्यांना बोलावून घेतलं.

ते परतले तोवर अर्धा उतार मोकळा झाला होता.

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही. मीच सांगितलं."

त्यांनी क्रेटमधला घड उचलून एक द्राक्ष तोंडात टाकलं. "आंबट आहे. कच्ची तोडलीस."

मी त्याच घडातलं एक खाल्लं. नुसती साखर. "बाबा, गोड आहे."

तोडणीवाल्यांचे हात थांबले. बाबांनी आणखी एक खाल्लं, मग आणखी एक, मग मूठभर कोंबली. आणि अगदी हळू म्हणाले, "मला काहीच लागत नाही."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

तेव्हापासून ते टाक्यांकडे फिरकले नाहीत. दिवसातून चारदा विचारतात, "तिला कळवलंस का?" मी म्हणते, लिहितेय.

आता जे टाळतेय ते लिहिते. तू घर सोडलंस त्या दिवशी नऊ नंबरच्या पिंपातला घोट थुंकून तू म्हणालीस, याचा सिरका झालाय, बाकीच्यात मिसळू नका. बाबांनी तोच पेला माझ्यापुढे धरला. मी म्हटलं, "मला तर चांगली लागतेय." धाकटे, तो घोट घसा जाळत गेला होता. मला कळलं होतं. मी नवी होते, घाबरले होते, असं पाच वर्षं स्वतःला सांगत आले. पण खरं ते नाही. बाबा पहिल्यांदाच तुला सोडून मला विचारत होते, आणि मला ते आवडलं.

त्याच संध्याकाळी तू बॅग भरलीस. नऊ नंबर बाकीच्यात मिसळलं गेलं. पुढे बाटल्या परत यायला लागल्या, बाबांनी बुचांना दोष दिला. मी तिथेही मान डोलावली.

बाबांसाठी ये, असं म्हणणार नाही. ते तुला जे बोलले ते त्यांचं त्यांनी निस्तरावं. माझंच सांगते. टाक्या खदखदताहेत, मी दर तासाला चाखून बघते आणि मला माझ्याच जिभेचा भरवसा वाटत नाही. तू चाखून वाईट म्हणालीस तर वाईट. मी ऐकेन.

सकाळी तुझ्या दादाला सगळं सांगितलं. तो ट्रॅक्टर धुवायला निघून गेला. बाबांना अजून सांगायचंय. आधी हे पाकीट टपालपेटीत टाकते, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही.

बाबांसमोर जायला निघालेली,
तुझी वहिनी