पाय धुऊन ये

माळेगाव बुद्रुक
७ एप्रिल १९९४

प्रिय फादर मिनेझिस यांना शांतवनचा सलाम,

शनिवारी पापांच्या कबुलीला बसलो तेव्हा जीभ उचलली नाही, म्हणून लिहितो. पवित्र गुरुवारी, येशूनं शिष्यांचे धुतले तसे, तुम्ही बारा गरिबांचे पाय धुणार होता. माणसं बाकावर बसवायचं काम माझ्याकडं होतं. मी स्वतःचे पाय सकाळीच वजरीनं घासून आलो होतो. बारावा आला तो नगरकडचा ऊसतोड मजूर, टाचांच्या भेगांत काळी माती भरलेली. मला तुमच्या पांढऱ्या झग्याची काळजी पडली. मी म्हणालो, "अरं, आधी पाय धुऊन ये की! फादर हात लावणार हाईत."

तो हापशावर गेला. तेवढ्यात तुम्ही आलात. जागा रिकामी दिसू नये म्हणून मीच बसलो. तुम्ही माझे पाय धुतलेत, तेव्हा तो मागं ओल्या पायांनी उभा होता.

सोमवारी माफी मागायला त्याच्या पाचटाच्या कोपीवर गेलो. टोळी सामान बांधत होती. तो हसला. "बाबा, बरं झालं तुमी सांगितलं. फादरच्या हाताला घाण लागली असती." मग पाव्हणा आला म्हणून त्यानं तांब्या आणला, आणि मी "नगं, नगं" म्हणेपर्यंत वाकून माझ्या पायांवर पाणी घातलं.

त्याच्यासाठी मिस्साची प्रार्थना अर्पण करा, असं लिहायला बसलो, तेव्हा ध्यानात आलं की मी त्याचं नाव विचारलंच नाही. टोळी गावी गेली. मुकादमाकडं चौकशी करतोय. नाव कळल्याशिवाय हे पत्र पेटीत टाकवत नाही.

आपला,
शांतवन गायकवाड