कावळ्याचं घर उन्हात

मंगळवार, दिवेलागण

शाळेतल्या बाईंनी आज मला चिऊकाऊची गोष्ट सांगायला बोलावलं. गोष्टीतनं विज्ञान शिकवायचंय म्हणाल्या. मी रंगात येऊन सांगितली. पाऊस आला, कावळ्याचं शेणाचं घर वाहून गेलं, चिमणीचं मेणाचं राहिलं. मग बाईंनी शेण आन् मेण पाण्यात टाकून दाखवलं. पोरं खूश.

तवा मागं बसलेल्या पूजानं हात वर केला. बाप कुरकुंभच्या कंपनीत, शाळेत नवीन आलेली पोर. म्हणली, "आजी, ऊन पडल्यावर कुणाचं घर राहिलं?"

मी म्हणलं, "गोष्टीत ऊन न्हाई. लई शहाणी हायस, बस खाली." वर्ग हसला. तिचा हात खाली गेला तो गेलाच.

निघताना बाई हळूच म्हणाल्या, "आजी, ती वर्गात आज पहिल्यांदाच बोलली. मला तोच प्रश्न हवा होता."

जन्मभर गवऱ्या थापल्या मी. उन्हात शेण दगडासारखं होतं आन् मेण वितळतं, हे मला ठाऊक न्हाई व्हय? पण माझी गोष्ट मोडली, म्हणून तोंड सुटलं.

उद्या शेणाचा गोळा आन् मेणबत्तीचा तुकडा शाळेच्या पायरीवर उन्हात ठेवीन. पोरं परत खूश होतील. तो हात मात्र कसा वर करू?